विंग चुन नागपुरात कसं शिकायचं, म्हणजे रस्त्यावर खरंच कामी येईल

मागच्या दोन महिन्यांत चार जणांनी मला एकच गोष्ट विचारली, की भाऊ, विंग चुन, म्हणजे ती जवळून लढायची चिनी कुंग फू, शिकायची आहे, कुठून सुरुवात करू आणि खरंच मारामारीत चालते का ते. प्रत्येकाला फोनवर सांगता सांगता अर्धं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी काही गुरू नाही. सात वर्षं झाली, हे करून राहिलो, मानेवाड्याला घराच्या गच्चीवर आठवड्यातून चार दिवस, सोबत दोन-तीन पार्टनर. जे हाताला लागून कळलं तेच सांगतो.

आधी एक प्रसंग, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पहिली दोन वर्षं मी एका क्लासला जायचो आणि तिथं सगळं फार सुंदर चालायचं. समोरचा सरळ पंच मारायचा, मी थापड मारून (पाक साओ म्हणतात त्याला) तो बाजूला सारायचो, दुसरा हात त्याच्या छातीवर टेकवायचो, आणि तो थांबायचा. मग वस्तीतला एक मित्र, लहानपणापासून आखाड्यात जाणारा, एका संध्याकाळी गच्चीवर आला आणि म्हणाला, "दाखव ना बे, काय शिकून राहिला तं." मी हात पुढं धरले, गार्ड एकदम बरोबर, कोपर आत. त्यानं पंच मारलाच नाही. मान खाली घातली, सरळ आत घुसला, कमरेला कवळ घातली, उचललं आणि मी पाठीवर. वाळत घातलेली गादी होती खाली म्हणून डोकं वाचलं. तो छातीवर बसून विचारतो, "आता काय करशील?" मला खरंच काही सुचलं नाही. दोन वर्षं शिकलेल्यातली एकही गोष्ट हातात आली नाही, कारण दोन वर्षांत एकानंही मला खरं धरलं नव्हतं.

तर पहिली आणि मोठी गोष्ट ही, की कोणतीही कला शिका, समोरचा माणूस तुमचं ऐकत नसताना ती चालते का हे तपासायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. आणि हे काही मी चिनी कलेच्या विरोधात बोलून राहिलो असं नाही, उलट ज्यांनी विंग चुनचं नाव मोठं केलं त्यांनी हेच केलं होतं. इप मान, जन्म १८९३, गाव फोशान, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात. १९४९ च्या उलथापालथीत ते हाँगकाँगला गेले आणि १९५० पासून तिथं हॉटेल कामगारांच्या युनियनमध्ये शिकवू लागले. १९५० च्या दशकात त्यांचे विद्यार्थी इमारतींच्या गच्च्यांवर दुसऱ्या स्टाइलवाल्यांशी खऱ्या लढती करायचे, पोलिसांपासून लपून. वाँग श्युन लिउंग हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, आणि विशीच्या आतला ब्रूस ली इप मानच्या शाळेत असताना बरंचसं त्यांच्याकडून शिकला. म्हणजे विंग चुन गच्चीवर तपासलं गेलं. नंतर जिथं जिथं ते तपासणं सुटलं तिथं ते नुसतं दिसायला छान राहिलं. २०१७ मध्ये चेंगदूला शू शियाओडोंग नावाच्या एमएमएवाल्यानं, म्हणजे पंच, लाथ, कुस्ती सगळं चालतं त्या लढतीवाल्यानं, ताइची या दुसऱ्या चिनी कलेच्या एका मास्तरला काही सेकंदांत खाली घातलं, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला, आणि पुढच्या वर्षी एका विंग चुनवाल्यालाही त्यानं पुन्हा पुन्हा पाडलं. ते बघून वाईट वाटलं मला, पण त्यात खोटं काही नव्हतं.

ती भिक्षुणी एन्ग मुई आणि यिम विंग चुन नावाच्या मुलीची गोष्ट आहे ना, जिच्यावरून हे नाव पडलं म्हणतात, ती दंतकथा आहे. ऐकायला गोड आहे, पोरांना सांगा, पण क्लास निवडताना तिचा उपयोग नाही.

आता शिकायचं काय आणि कोणत्या क्रमानं. सगळ्यात आधी हात नाही, तोंड आणि पाय. छत्रपती चौकाच्या सिग्नलला एकदा एक जण गाडी आडवी लावून माझ्या अंगावर आला, म्हणे कट काऊन मारला. मी गाडी स्टँडला लावली, दोन पावलं मागं गेलो, दोन्ही तळवे उघडे छातीच्या उंचीवर पुढं, कोपर खाली, आणि मोठ्यानं म्हटलं, "दादा, चुकलं असेल माझं, जाऊ द्या, मागं थांबा." तो एक पाऊल आला, मी अजून एक मागं, आवाज अजून मोठा. आजूबाजूचे चार जण बघायला लागले, तो शिव्या देत निघून गेला. बघणाऱ्याला मी हात जोडल्यासारखा गरीब दिसत होतो, पण ते हात म्हणजे विंग चुनचं गार्डच होतं, मुठी न आवळता धरलेलं. एक हात पुढं, एक मागं, दोन्ही मधल्या रेषेवर, नाक ते बेंबी अशी जी सरळ रेष असते ती झाकून. तो मारायला आला असता तर माझे हात आधीच मध्ये होते. ही एक गोष्ट आरशासमोर रोज पाच मिनिटं करा, आवाजासकट. आवाज काढायची लाज वाटते सुरुवातीला, आणि त्यासाठीच प्रॅक्टिस पाहिजे.

त्यानंतर फक्त चार गोष्टी, आणि सहा महिने त्याच.

एक, सरळ पंच. मूठ उभी, अंगठा वर, कोपर आत आणि खाली, हात छातीच्या मधून निघतो आणि सरळ जातो, गोल फिरवायचा नाही. जोर खांद्यातून नाही, मागच्या टाचेपासून येतो, म्हणून खांदा वर चढला की समजा चुकलं. आता इथं माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही, तरी सांगतो. विंग चुनमध्ये मुठीच्या खालच्या तीन गाठींनी मारायला शिकवतात, ते भिंतीवर टांगलेल्या सरावाच्या बॅगेवर ठीक आहे, पण ग्लव्हज नसलेल्या मुठीनं कोणाच्या कपाळावर बसला तर करंगळीमागचं हाड मोडतं, हे फ्रॅक्चर इतकं कॉमन आहे की त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चरच म्हणतात. म्हणून चेहऱ्यावर तळहाताचा खालचा भाग वापरा, मूठ पोटाला आणि छातीला ठेवा.

दोन, पाक साओ, म्हणजे थापड मारून समोरच्याचा हात बाजूला सारणं. दिसायला सोपं आहे आणि तिथंच सगळे फसतात. आमच्या गच्चीवर नवीन आलेला पोट्टा पहिल्या दिवशी समोरच्या हाताच्या मागं धावतो, म्हणजे हात डावीकडं आला की हाही डावीकडं अर्धा मीटर, आणि मधली रेष मोकळी. हात फक्त आपल्या खांद्याच्या रुंदीइतका सरकला पाहिजे, त्यापेक्षा एक इंच जास्त नाही. त्याच क्षणी दुसरा हात पुढं गेला पाहिजे, नंतर नाही. आवाजावरून कळतं बरं का. "फट... ठप" असे दोन आवाज आले तर चूक, एकच "फट्" आला तर बरोबर. दहा मिनिटांत हाताचा मनगटाजवळचा भाग लाल होतो, दोन आठवड्यांत सवय होते. फुल बाह्या घालून करू नका सुरुवातीला, कातडीला स्पर्श कळला पाहिजे.

तीन, चेन पंच, म्हणजे एकामागून एक लागोपाठ सरळ पंच, चालता चालता. उभ्या जागी पटापट हात मारणं काही कामाचं नाही, त्यात वजन नसतं. पार्टनरला जुनी सतरंजी गुंडाळून छातीशी धरायला सांगा आणि त्याला गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मागं रेटत न्या, प्रत्येक पावलाला पंच. पहिल्या दिवशी तीन फेऱ्यांत दम लागेल. लागू द्या, खऱ्या वेळी वीस सेकंदांतच दम जातो, ते शरीराला आधीच माहीत पाहिजे.

चार, खालची लाथ. गुडघ्याच्या वर पाय उचलूच नका, नडगी आणि गुडघा एवढंच टार्गेट, बुटाच्या कडेनं. रस्त्यावर गिट्टी असते, पाणी असते, जीन्स घट्ट असते, वरची लाथ मारणारा स्वतःच घसरतो.

बाकी ते बोंग साओ, तान साओ हे हातानं अडवायचे प्रकार, बोटांनी डोळ्यावर जाणारं बिउ जी, हे सगळं शिकाल हळूहळू. विंग चुनचे हातांचे फॉर्म, म्हणजे एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली, तीनच आहेत, सिउ निम ताओ, चम किउ आणि बिउ जी, मग लाकडी पुतळा, लांब काठी आणि दोन आखूड सुऱ्या. कुंग फूच्या इतर स्टाइलच्या मानानं हे फार कमी आहे, आणि मला विंग चुन आवडण्याचं एक कारण तेच.

सिउ निम ताओ रोज करा, पण तो कशासाठी आहे ते समजून. एका जागी उभं राहून, पायाची बोटं आत, गुडघे आत, हात एकदम हळू. कोपर कुठं आहे, खांदा सैल आहे का, श्वास चालू आहे का, एवढंच बघायचं. माझे दहा-बारा मिनिटं जातात. तसं उभं राहून भांडायचं नसतं, हे कोणी स्पष्ट सांगत नाही म्हणून सांगतो, ती ट्रेनिंगची पोझिशन आहे. भांडताना एक पाय पुढं, वजन दोन्हीवर, हलते राहा. आणि ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी बोटं जास्त आत वळवू नका.

ची साओ म्हणजे चिकटलेले हात, दोघांचे हात एकमेकांना लावून गोल फिरवत राहायचे आणि फट सापडली की आत घुसायचं. याची गोडी लागते एकदम. डोळे मिटून करा, समोरच्याचा जोर कुठं जाऊन राहिला ते हाताला आधी कळतं, डोक्याला नंतर. पण ची साओ म्हणजे लढत नाही. खऱ्या मारामारीत कोणी हाताला हात लावून उभं राहत नाही, तो लांबून गोल बुक्की फिरवतो नाहीतर कॉलर धरतो. पाच वर्षं फक्त ची साओ केलेल्या माणसाला साध्या आडव्या बुक्कीनं कान सुजवून घेताना मी पाहिलं आहे.

म्हणून आम्ही काय करतो ते सांगतो. पहिले दोन आठवडे पार्टनर सांगून मारतो, डावा, उजवा. मग न सांगता, पण हळू. मग १४ औंसचे ग्लव्हज, तोंडात माउथगार्ड, जांघेला गार्ड, आणि तो त्याला पाहिजे तसं मारतो, म्हणजे सरळ नाही, आपल्याकडं पोट्टे मारतात तसं, गोल फिरवून, शर्ट धरून, ढकलून. तुम्ही फक्त त्या चार गोष्टी वापरायच्या. मग शेवटची पायरी, खालून वर दोनदा जिने धावत चढा, दम लागलेला असताना गच्चीच्या दारातच पार्टनर अंगावर येतो. हात थरथरतात, बारीक टेक्निक सगळ्या विसरतात, पाक साओ आणि तळहात एवढंच शिल्लक राहतं. जे शिल्लक राहतं तेच तुमचं, बाकीचं अजून क्लासचं आहे. नाकातोंडाला जपून, डोक्यावर पूर्ण जोर नाही, आणि कोणाला चक्कर आली की त्या दिवशी बंद, याला अपवाद नाही.

आता त्या कमरेच्या कवळीचं. विंग चुनमध्ये याचं उत्तर पुरेसं नाही, हे मान्य करायला मला वेळ लागला. उत्तर आपल्याच गावात आहे. आखाडा. महाल-इतवारीच्या जुन्या भागात जा, सकाळी विचारा, तांबड्या मातीत एक पावसाळा काढा. कोणी आत घुसलं की कंबर मागं कशी टाकायची, मानेवर वजन कसं द्यायचं, पडलो तर उठायचं कसं, एवढं तीन महिन्यांत येतं, आणि ते पैलवान लोक मनापासून शिकवतात. ज्यांना चिनीच पाहिजे त्यांच्यासाठी सांदा आहे, वुशू या चिनी खेळाचा लढतीचा भाग, त्यात पंच, लाथा आणि उचलून पाडणं तिन्ही आहे. आपल्या देशाचं त्यात चांगलं चाललं आहे, मणिपूरच्या रोशिबिना देवीनं २०१८ च्या एशियन गेम्सला ब्राँझ आणि हांगझोऊला, जे २०२३ मध्ये झाले, सिल्व्हर आणलं. जवळ सांदाचा चांगला कोच असेल आणि विंग चुनचा नसेल, तर डोळे झाकून सांदाला जा, विंग चुन नंतर जोडता येते.

क्लास कसा ओळखायचा. नागपुरात कराटे-तायक्वांदो प्रत्येक वस्तीत सापडतं, विंग चुन मात्र शोधावं लागतं, आणि शोधून सापडलं की माणूस लगेच फी भरून टाकतो. थांबा. एक पूर्ण तास बसून बघा. जुने विद्यार्थी ग्लव्हज घालून एकमेकांना खरंखरं मारतात का, चुकला तर लागतं का, की सगळे फक्त सरांसोबतच पडतात. सरांना विचारा, "सर, कोणी मागून कवळ घातली तर?" चांगला शिकवणारा म्हणेल ये, धर, करून बघू. दुसरा म्हणेल आमचं टेक्निक फार घातक आहे म्हणून आम्ही स्पॅरिंग, म्हणजे सरावाची खरी लढत, करत नाही. तिथून उठून या, प्रेमानं नमस्कार करून. बेल्ट, सर्टिफिकेट आणि दहा दिवसांत सेल्फ डिफेन्स, यासाठी पैसे देऊ नका. नुसत्या व्हिडिओवरून फॉर्म शिकता येतो, बाकी काही नाही, पार्टनर लागतोच.

घरी सामान फार लागत नाही. भिंतीची बॅग टेलरकडून जुन्या जीन्सच्या कापडाची शिवून घ्या, दुहेरी शिलाई, आत मूग किंवा तांदळाची कणी, वाळू नंतर. माझा लाकडी पुतळा, मुक यान जोंग म्हणतात त्याला, आरामशीनवरून आणलेल्या कडुलिंबाच्या ओंडक्याचा आहे, तीन हात आणि एक पाय सुतारानं बसवून दिले. पहिल्या वर्षी पुतळ्याची गरज नाही, उगाच पैसे घालू नका. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचं गणित वेगळं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो, संध्याकाळी सातलासुद्धा गच्ची भाजते, तेव्हा पहाटे साडेपाच ते साडेसहा, बस. जोरात स्पॅरिंग पावसाळा सुरू झाल्यावर.

मुलींसाठी वेगळं सांगतो. भाची कॉलेजला स्कूटीनं जाते, तिनं विचारलं, "मामा, मला पंचबिंच नको, कोणी हात धरला तर सांग." आम्ही खाली पार्किंगमध्येच करतो, स्कूटीजवळ, खांद्यावर बॅग, अंगावर ओढणी, कारण तिला तिथंच लागणार आहे. मनगट धरलं तर ओढाताण नाही, कोपर स्वतःच्या पोटाकडं आणत समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात काढायचा आणि त्याच वेळी दुसरा तळहात नाकाखाली. केस धरले तर त्याचाच हात आपल्या डोक्यावर दोन्ही हातांनी दाबून ठेवायचा, मग नडगीवर लाथ. हेल्मेट डोक्यावर असेल तर काढायचं नाही, हातात असेल तर ती ढाल. सुटली की पळायचं, उजेडाकडं, माणसांकडं. पहिल्या दिवशी ती हळूच "सोडा" म्हणायची. आता तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावर जातो, शेजारच्या काकू बाल्कनीत येतात. मला तिच्या पंचपेक्षा त्या आवाजाचा जास्त आनंद आहे.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३७ नीट वाचा, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. म्हणजे तो खाली पडला, धोका संपला, त्यानंतर मारलेली लाथ तुमचा गुन्हा. म्हणून प्रॅक्टिसमध्येसुद्धा थांबायची प्रॅक्टिस करा, पार्टनर पडला की दोन पावलं मागं, आजूबाजूला नजर, अजून कोणी आहे का.

आणि चाकू. लाकडी चाकू हातातून हिसकावणारे व्हिडिओ खूप आहेत. एकदा जुना पांढरा टी-शर्ट घाला, पार्टनरच्या हातात लाल स्केच पेन द्या आणि त्याला खरंच अंगावर यायला सांगा. मी केलं, दहा सेकंदांत पोटावर, हातावर, गळ्याजवळ अकरा रेघा होत्या, आणि तेव्हा मला हे सगळं शिकून पाच वर्षं झाली होती. तो टी-शर्ट मी अजून ठेवला आहे, नवीन येणाऱ्याला आधी तोच दाखवतो. मोबाइल मागितला तर देऊन टाका, पाकीट मागितलं तर लांब फेका आणि उलट्या दिशेनं पळा. पळायला जागाच नसेल तर बॅग, हेल्मेट, खुर्ची, जे हाताला लागेल ते मध्ये धरा. सुटून आलात की ११२ लावा, आणि कुठं दुखत नसलं तरी शर्ट वर करून पोट, काख, पाठ, सगळीकडं हात फिरवून हाताकडं बघा, त्या गडबडीत चाकू लागलेला कळत नाही.